वीणेचा पहारा आणि गोळीची वेळ



"माळ घातली ना? मग आता गोळ्या कशाला?" हे वाक्य तुम्ही ऐकले असेल, कदाचित कुणाला म्हटलेही असेल. माझ्यासमोर ते म्हटले गेले तेव्हा मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचे काय झाले ते आधी सांगतो, मग या वाक्याशी भांडतो.

आमच्या दिंडीत एक तरुण टाळकरी आहे. त्याला मनाचा आजार आहे. या आजारात मन कधी महिनोन्महिने खचते, तर कधी इतके उधळते की झोपेची गरजच वाटत नाही. लिथियमच्या गोळ्यांवर तो सावरला होता. शेती बघत होता, लेकराला शाळेत सोडत होता. वैशाखात त्याने माळ घातली आणि एका वडीलधाऱ्यांनी वरचे वाक्य उच्चारले. त्याने गोळ्या बंद केल्या. आषाढीच्या वाटेवर लोणंदच्या मुक्कामापासून त्याची झोप गेली. रात्रभर भजन म्हणायचा, खिशातले पैसे वाटून टाकायचा. आम्ही कौतुकाने म्हणालो, याला नाम चढले आहे. त्याच्या बायकोने फोनवर विचारले, "ते गोळ्या घेतात ना?" आम्ही म्हणालो, "माउलींच्या संगतीत आहे, काळजी नको." फलटणच्या पुढे एका रात्री तो रस्त्यावर ट्रकसमोर उभा राहिला. ट्रक थांबला, ही पांडुरंगाची कृपा आणि त्या चालकाची सावधगिरी. नंतर तो कित्येक आठवडे रुग्णालयात होता.

आता भांडण.

माउली, तुमच्या फडात मधुमेहाचे वारकरी असतील. इन्सुलिन टोचून घेणाऱ्याला कुणी म्हणते का, की तुझी श्रद्धा कमी पडली? मोतीबिंदू काढून, चष्मा लावून आपण ज्ञानेश्वरी वाचतो. डोळ्याला डॉक्टर चालतो, साखरेला चालतो, मग मेंदू काय देहाबाहेर आहे? शरीराच्या दुखण्याला आपण दुखणे म्हणतो आणि मनाच्या दुखण्याला भक्तीची परीक्षा ठरवतो. हा न्याय कुठला?

यात क्रूरपणाही आहे. नैराश्याच्या आजारात माणूस स्वतःला आधीच अपराधी मानत असतो. त्याचे नामात मन लागत नाही, कारण त्याचे जेवणात, लेकरात, कशातच मन लागत नाही. ते आजाराचे लक्षण आहे. त्याला "मनापासून नाम घेत नाहीस" म्हणणे म्हणजे पाय मोडलेल्याला "मनापासून चालत नाहीस" म्हणणे. तुकोबारायांनी दुष्काळात पत्नीला अन्नावाचून जाताना पाहिले. त्यांच्या गाथेतील करुणापर अभंग गाताना आपले डोळे भरून येतात. तेच दुःख घरातला मुलगा आपल्या साध्या शब्दांत सांगू लागला की आपण त्याला गप्प करतो.

"पण गोळ्यांनी माणूस सुस्त होतो," असे तुम्ही म्हणाल. काही गोळ्यांनी होतो, हे खरे. म्हणून डॉक्टरांना सांगून मात्रा बदलून घ्यायची असते, गोळी परस्पर नाल्यात टाकायची नसते. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. नेमके त्याच काळात आपण म्हणतो, "बघ, काही फरक नाही." पेरल्यावर चौथ्या दिवशी शेत उकरून पाहणारा शेतकरी तुम्ही पाहिला आहे का?

डॉक्टरांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. दोन मिनिटांत चिठ्ठी लिहून "पुढचा या" म्हणणे हा पुरा उपचार नव्हे. कानात येणारे आवाज औषधाने शांत होतील, पण औषध कुणाला काम मिळवून देत नाही, लग्नाच्या पंगतीला बोलावत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची घटना 1948 साली अमलात आली. तिने आरोग्याची व्याख्या करताना शरीर आणि मनाबरोबर सामाजिक स्वास्थ्यही धरले आहे. औषध, बोलून मन मोकळे करण्याचा उपचार, वेळेवर झोप, हाताला काम आणि भोवती माणसे, हे सारे मिळून समग्र उपचार होतो. हल्ली मात्र "समग्र" म्हणत औषध सोडायला लावणारी शिबिरे भरतात. समग्र म्हणजे सगळे. त्यातून औषध वगळले तर ते समग्र कसले?

आपली वारी या सगळ्यातले पुष्कळ देऊ शकते. ठरलेली वेळ, चालणे, एकत्र गाणे, एकमेकांच्या पाया पडणे. पण डोळे उघडे ठेवून. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंडे ते औषध बाहेर टाकत नाहीत, रक्तात त्याचे प्रमाण वाढते. ऊन, घाम, जुलाब, निर्जळ एकादशी आणि पाय दुखतात म्हणून घेतलेल्या काही वेदनाशामक गोळ्या, सगळेच धोक्याचे. हात जास्त थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले, तोल जाऊ लागला, बोलणे अडखळले तर थेट रुग्णालयात न्यावे. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, रक्त तपासावे. हे दिंडीचालकाला ठाऊक नको का?

कुणी म्हणेल, एवढे काय बिघडते? श्रद्धेच्या भरवशावर आजारी माणसाला टाकून दिले की काय होते ते तमिळनाडूतील एरवाडीने दाखवले आहे. तिथे श्रद्धास्थानाच्या आसऱ्याने मनोरुग्णांची खासगी निवासे चालत. 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे त्यांतल्या एकाला आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. 28 जण गेले. धर्म कुणाचा हा प्रश्नच नाही, साखळी सगळीकडे सारखीच. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि "गोळ्या कशाला" हे वाक्य? त्याला कायदा नाही. ते थांबवणे आपल्याच हाती आहे.

सप्ताहात वीणा सात दिवस अहोरात्र खाली ठेवायची नसते. म्हणून आपण पहारे लावतो. एक थकला की दुसरा वीणा गळ्यात घेतो. त्या तरुणाची बायको मात्र वर्षानुवर्षे एकटीच पहाऱ्यावर उभी होती. तिच्या हातून क्षणभर वीणा घ्यायला गावातला एकही माळकरी पुढे आला नाही, मीही नाही.

तेव्हा, माउली, यंदा एवढे करा. आपल्या दिंडीत, आपल्या आळीत असे घर कोणते ते आठवा. तिथे उपदेश न करता जा. दवाखान्याच्या दिवशी सोबत करा, एक रात्र जागा, त्या घरच्या बाईला झोपू द्या. कुठे न्यावे कळत नसेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मोफत बोलता येते.

तो तरुण पुन्हा आमच्याबरोबर चालतो आहे. संध्याकाळी हरिपाठ झाला की आमचे विणेकरी त्याला हाक मारतात, "गोळी झाली का रे?" तो हात वर करतो. मग आम्ही जेवायला बसतो.