भिशीची अंगठी

आमच्या धाकट्या सुनेला भिशी लागली आणि तिने हौसेने चांदीची एक अंगठी घेतली. खडा ओपलचा. हात हलला की निळा, हिरवा, लाल असे रंग त्यात खेळायचे. दुकानदाराने ‘अस्सल ओपल’ म्हणून दिला. वर ‘शुक्राचा खडा आहे, भरभराट होईल’ असेही सांगितले. चार महिने धुणी-भांडी त्याच हाताने झाली आणि खड्याच्या कडेने पांढुरके धुके चढू लागले. घरात कुणी तिला बोलले नाही, पण ती आपणच काही चूक केली म्हणून हिरमुसली. शेवटी ओळखीच्या सोनारदादांना अंगठी दाखविली. खडा कोंदणातून काढून त्यांनी भिंगाखाली आडवा धरला आणि म्हणाले, “हा डब्लेट आहे.”

भगिनींनो, डब्लेट म्हणजे दोन थर चिकटवून केलेला खडा. ओपल हा सिलिका व पाणी यांचा बनलेला. ऑस्ट्रेलियातील कूबर पेडी येथे तो 1915 साली सापडला आणि तेथील खाणी जगभर प्रसिद्ध झाल्या. पुष्कळदा दगडातला रंगीत थर फारच पातळ निघतो. तो एकटा टिकत नाही, म्हणून त्याखाली काळा दगड किंवा काच चिकटवितात. काळ्या पाठीवर रंगही उठून दिसतात. वरून स्फटिकाची किंवा काचेची टोपी बसविली की तो ट्रिप्लेट. म्हणजे डब्लेट खोटा नव्हे. वरचा थर खराच ओपल असतो आणि अखंड खड्यापेक्षा तो स्वस्त पडतो. खोटे आहे ते न सांगता विकणे. वारंवार पाण्यात भिजल्याने सांध्यात ओल शिरते आणि खडा धुरकटतो. सुनेची चूक एवढीच, की तिला हे कुणी सांगितले नव्हते.

घेताना खडा बाजूने पाहावा. सरळ रेघेसारखा सांधा दिसला तर तो जोडलेला समजावा. कोंदण पाठीमागून व बाजूने बंद असेल तर सांधा दिसत नाही. तेव्हा स्पष्ट विचारावे आणि पावतीवर ‘डब्लेट’ की ‘अखंड’ ते लिहून घ्यावे. रोजच्या वापराला अंगठीपेक्षा कुड्या किंवा लॉकेट बरे, कारण त्यांना पाणी व धक्का कमी लागतो. धुणी, भांडी, आंघोळ, स्वयंपाक यांच्या वेळी अंगठी काढून ठेवावी. पुसायला किंचित ओलसर मऊ फडके पुरे. साबणाच्या पाण्यात बुडवू नये. धुळीत ओपलहून कठीण कण असतात, म्हणून कोरड्याने घासू नये.

राहिली भरभराटीची गोष्ट. ज्या खड्याला भांड्यांच्या पाण्यापासून स्वतःला वाचविता आले नाही, तो आपले घर काय तारणार? घर चालते ते त्या हातांवर. सुनेला आम्ही हेच सांगितले. ती अंगठी आता कार्यक्रमाला तेवढी घालते. कडेचे धुके तसेच आहे. मधले रंग मात्र अजून खेळतात.