खेळण्यावरील मानचिन्ह आणि समाजाचे कर्तव्य

लहान मूल खेळणे नुसते हाताळत नाही. ते तोंडात घालते, चावते, उशाशी घेऊन झोपते. म्हणूनच खेळण्याचा रंग, त्याची कड आणि त्याचा सुटणारा भाग हे केवळ व्यापाराचे विषय नव्हेत. रंगातील शिसे बालकाच्या मेंदूच्या वाढीवर आघात करते आणि ती हानी सहसा भरून येत नाही. २००७ मध्ये मॅटेल या अमेरिकी कंपनीला चीनमध्ये बनवून घेतलेली लाखो खेळणी याच कारणाने परत मागवावी लागली. भारताने जानेवारी २००९ मध्ये चिनी खेळण्यांच्या आयातीवर सहा महिन्यांची बंदी घातली. मात्र दोनच महिन्यांत ती प्रमाणपत्राच्या अटीवर शिथिल झाली.

खरी चौकट आली ती २०२० च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह अनिवार्य झाले. तीक्ष्ण कडा, ज्वलनशीलता, विषारी धातू, विजेवरील खेळण्यांची सुरक्षितता या साऱ्यांची परीक्षा त्यात आहे. नियम स्वदेशी व विदेशी मालाला सारखाच आहे आणि तो उत्पादकाइतकाच विक्रेत्यालाही बांधतो. २०१६ च्या मानक ब्यूरो कायद्याने उल्लंघनासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा किमान २ लाख रुपये दंड ठरविला.

या आदेशातून नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना सूट मिळाली, हे उचितच झाले. सावंतवाडीच्या लाकडी फळांना कारखान्याचा मापदंड लावणे म्हणजे परंपरेचाच गळा घोटणे ठरले असते. परंतु सूट ही चाचणीतून आहे, जबाबदारीतून नव्हे. विषारी रंग स्वदेशी हातांनी दिला म्हणून तो निर्विष होत नाही. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांनी हे अधिक कठोरपणे मानले पाहिजे. लहान उद्योजकांना चाचणीचा खर्च जड जातो, ही तक्रारही खरी आहे. त्यावर उपाय नियम सैल करणे हा नसून सामाईक प्रयोगशाळा उभारणे हा आहे.

उरतो प्रश्न जत्रेतल्या पथारीचा आणि गल्लीतल्या दुकानाचा. तेथे प्रत्येक वेळी निरीक्षक पोहोचणार नाही. ग्राहक मात्र रोज पोहोचतो. आईवडिलांनी खेळणे उलटून चिन्ह पाहिले आणि ते नसल्यास वस्तू परत ठेवली, तर दुकानदार पुढच्या खेपेला तसा माल आणणार नाही. कायदा शासनाने केला. तो जिवंत ठेवणे समाजाच्या हाती आहे.