झाकलेले उत्तर



शब्दकोड्याची उत्तरे त्याच पानाच्या तळाशी उलटी छापायची, ही साप्ताहिकांची जुनी युक्ती. पान फिरवण्याचा कंटाळा येईल तेवढा वेळ तरी मुले डोके चालवतात. कोनच्या एका ताईंना हीच सोय संगणकावर हवी आहे. विहारात रविवारी भरणाऱ्या मुलांच्या वर्गासाठी त्या प्रश्नावली तयार करतात आणि ईमेलने घरोघर पाठवतात. "प्रश्न दिसावा, पण उत्तर टिचकी मारल्यावरच उघडावे, असे करता येते का काका?" असे त्यांनी आम्हाला विचारले आहे.

येते. संगणकावर वर्ड असावे, २०१३ चे किंवा त्यानंतरचे. समजा प्रश्न आहे, 'कोन आणि कल्याण यांच्यामधून कोणती नदी वाहते?' या ओळीवर कर्सर ठेवून 'होम'मधील 'स्टाईल्स'मधून 'हेडिंग १' निवडावे. उत्तर खालच्या ओळीत, 'नॉर्मल' अक्षरात लिहावे. आता माऊसचा बाण प्रश्नावर नेला की डावीकडे लहानसा त्रिकोण दिसतो. त्यावर टिचकी मारली की उत्तर मिटते, पुन्हा मारली की उघडते. बहुतेक जण येथेच थांबतात आणि फसतात, कारण फाईल बंद करून पुन्हा उघडली की सारी उत्तरे उघडी! म्हणून प्रश्नाच्या ओळीवर माऊसचे उजवे बटन दाबून 'पॅराग्राफ'मध्ये जावे आणि 'कोलॅप्स्ड बाय डीफॉल्ट' या चौकोनात खूण करावी. प्रत्येक प्रश्नाला ही खूण हवी. पाठवण्यापूर्वी फाईल एकदा घरच्या मोबाईलवर उघडून पाहावी. बहुतेक मुले ती मोबाईलवरच उघडणार.

दुसरी रीत प्रश्नपत्रिका छापणाऱ्यांसाठी बरी. उत्तर निवडून कंट्रोल आणि डी ही बटने एकदम दाबावीत व 'हिडन'वर खूण करावी. उत्तर पडद्यावरून जाते आणि सहसा छापलेही जात नाही. 'होम'मध्ये उलट्या पी अक्षरासारखे एक चिन्ह असते, ते दाबले की उत्तर पुन्हा दिसते. म्हणजे एकाच फाईलमधून मुलांचा कागदही निघतो आणि ताईंची उत्तरेही जवळ राहतात.

ईमेलच्या मजकुरात मात्र असे झाकण लावण्याच्या फंदात पडू नये. वाचणाऱ्याचा ईमेल जीमेलमध्ये उघडतो की आणखी कशात, त्यावर सारे अवलंबून. कोणी पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरे लिहितात, पण फोन काळ्या पडद्यावर ठेवला असेल तर तीच अक्षरे उठून दिसू शकतात. त्यापेक्षा उत्तरांची फाईल वेगळी जोडावी. टेलिग्रामवर ही सोय आयतीच आहे. डिसेंबर २०२१ पासून तेथे मजकूर निवडून 'स्पॉयलर' केला की वाचणाऱ्याने बोट लावेपर्यंत तो झाकलेला राहतो.

येथवर मुलांचा खेळ झाला. हीच युक्ती मोठी माणसे कामाच्या कागदांवर करतात, तेव्हा आम्हाला काळजी वाटते. आमच्या परिचयातील एका मुलाने गोदामातील नोकरीसाठी बायोडाटा पाठवला. आधीच्या ठिकाणचा पगार त्याने 'हिडन' केला होता, पुसला नव्हता. समोरच्या माणसाने ते उलट्या पीचे बटन दाबले आणि आकडा वाचला. मुलाने मागितलेल्या पगारावर बोलणे झालेच नाही. जुन्या आकड्यावर पाचशे रुपये वाढवून विषय मिटवला गेला. पाचशे रुपयांत महिन्याचे रिक्षाभाडेही सुटत नाही!

शिकलेसवरलेलेही यात फसतात. डिसेंबर २००९ मध्ये अमेरिकेच्या विमानतळ-तपासणीचे नियमपुस्तक असेच फुटले. गोपनीय ओळींवर काळ्या पट्ट्या होत्या, पण पट्टीखालचा मजकूर उचलून दुसऱ्या पानावर चिकटवला की जसाच्या तसा वाचता येत होता. पट्टी वरून लावली होती, अक्षरे जागच्या जागी होती.

म्हणून अर्ज, बायोडाटा, हिशेब बाहेर पाठवताना नको तो मजकूर त्या प्रतीतून पुसूनच टाकावा. नंतर वर्डच्या 'फाईल'मध्ये 'इन्फो', तेथे 'चेक फॉर इश्यूज' आणि त्यात 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' चालवावे. फाईलमध्ये 'हिडन' केलेले काही उरले असेल तर ते सापडते आणि काढूनही टाकता येते. मूळ फाईल आधी वेगळ्या नावाने ठेवावी, नाहीतर ताईंची उत्तरेही जायची.

आधार कार्डाच्या फोटोवर फोनमधल्या मार्करने काळी रेघ ओढून तो पाठवणारेही पुष्कळ आहेत. काही फोनमधला मार्कर पातळ असतो. फोटो उजळ केला की खालचे आकडे वाचता येतात. त्याऐवजी आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड आधार' उतरवून घ्यावे. त्यात पहिले ८ आकडे झाकलेले असतात, शेवटचे ४ तेवढे दिसतात. हे पैसे न देता घरीच होते, मात्र आधारला जोडलेला मोबाईल हाताशी हवा, कारण त्यावर ओटीपी येतो.

(वरील प्रश्नाचे उत्तर : उल्हास. या वेळी पान उलटे धरावे लागले नाही.)