बारा बोअर म्हणजे नेमके किती?

कोकणात शेतीसंरक्षण परवान्यावरची बंदूक म्हणजे एकतर ठासणीची, नाहीतर बारा बोअरची. 'बारा बोअर' म्हटले की आपल्याकडे विषय संपतो. अमेरिकेत मात्र जुन्या शॉटगन आजोबांच्या माळ्यावरून, लिलावातून, शेजाऱ्याकडून अशा कुठूनही हातात येतात, आणि खरा विषय तिथून सुरू होतो.

आधी हा 'बारा' कुठून आला ते पाहू. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडा. त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती नळी बारा गेजची. हिशेब केला तर व्यास साधारण १८.५ मिलिमीटर येतो. वीस गेजचा १५.६. म्हणजे आकडा मोठा तितकी नळी बारीक, विजेच्या तारांसारखेच. (४१० हा मात्र गेज नव्हेच, ते सरळ इंचाचे हजारांश!) वीसचे काडतूस चुकून बाराच्या नळीत टाकले तर ते आत घसरून पुढे अडकते, मागे बाराचे काडतूस खुशाल बसते, आणि चाप ओढला की नळी फाटते. म्हणून तर अमेरिकेत वीसची काडतुसे पिवळी करतात.

पण गेज हा सोपा भाग. खरी गोम चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या मागच्या रुंद भागात आहे. बारा गेजमध्येच अडीच, पावणेतीन, तीन आणि साडेतीन इंची चेंबर आहेत. आणि काडतुसावर छापलेली लांबी असते ती उडाल्यानंतरची, तोंडाच्या घड्या उलगडल्यावरची. त्यामुळे न उडालेले तीन इंची काडतूस पावणेतीनच्या चेंबरमध्ये आरामात बसते आणि बंदूक बंदही होते. उडताना मात्र घड्यांना उलगडायला जागा नसते, आणि दाब वाढतो. 'बसले म्हणजे चालते' हा आपला रोजचा अनुभव इथे दगा देतो.

मग नळीवरचे शिक्के वाचावेत? जरूर वाचावेत, पण तेवढ्यावर विसंबू नये. एकोणिसाव्या शतकातल्या काही ब्रिटिश बंदुकांवर '१३' असते आणि तरी ती बाराचीच बंदूक असते, कारण तो आकडा नळीच्या आतल्या मापाचा आहे. १८८७ पासून चौकटीत '१२' आणि खाली 'सी' येऊ लागले, पण त्यावरून अडीच की पावणेतीन हे कळत नाही. जुन्या अमेरिकन बंदुकांवर तर अनेकदा काहीच नसते. त्यात मधल्या काळात कोणी चेंबर कोरून लांब केलेले असले तर मूळ शिक्का खोटाच ठरतो, आणि तिथली भिंत पातळ झालेली असते ती वेगळीच. तेव्हा बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, पायऱ्यापायऱ्यांचा चेंबर गेज आत घालून मोजणे, किंवा गनस्मिथकडून सेरोसेफ नावाचा लवकर वितळणारा मिश्रधातू ओतून साचा काढून घेणे हाच मार्ग.

आता माझी तक्रार. ब्रिटनमध्ये १८६८ च्या कायद्यानुसार प्रूफ न झालेली बंदूक विकणे गुन्हा आहे. मोठ्या दाबाचा बार काढून नळी तपासतात आणि मगच शिक्का मारतात. अमेरिकेत अशी सक्ती नाही. १९२६ पासून सामी ही उत्पादकांची संस्था मापे ठरवते, पण तीही ऐच्छिक. टोस्टर सदोष निघाला तर ग्राहक सुरक्षा आयोग तो बाजारातून परत घ्यायला लावू शकतो, पण १९७२ च्या ज्या कायद्याने हा आयोग आला त्यानेच बंदुका त्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या. यावर उत्तर मिळते की कोर्टाच्या भीतीने कंपन्या आपणहून काळजी घेतात. नव्या मालापुरते हे मला मान्य आहे. पण जी कंपनी बंद होऊन सत्तर वर्षे झाली, तिच्यावर दावा कोण लावणार?

इथले सगळे भांडण बंदूक कोणाच्या हाती असावी यावरच. ती वस्तू म्हणून धड आहे का, हे दोन्ही बाजूंपैकी कोणी विचारत नाही. सक्तीचे प्रूफ लगेच येणार नाही हे उघड आहे. पण दुकानातून जुनी बंदूक घेताना बहुतेक वेळा ४४७३ क्रमांकाचा सरकारी फॉर्म भरावा लागतो. त्यात उत्पादक, मॉडेल, अनुक्रमांक, गेज सगळे लिहितात. गेजशेजारी 'चेंबर, मोजून' एवढा एक रकाना घालायला काय हरकत आहे?