सायकलच्या सीटचा त्रास: दोष तुमच्या शरीराचा नाही

दरवर्षी ३ जूनला जागतिक सायकल दिन येतो आणि महिलांनी सायकल चालवावी, असे आवाहन होते. ते योग्यच आहे. पण सीटवर बसून जांघेत घासते, नाजूक जागी सूज किंवा बधिरपणा येतो, लघवीला आग होते, याबद्दल कोणी बोलत नाही. सांगायला संकोच वाटतो. "सवय होईल" असे ऐकून थोडे दिवस सहन करायचे आणि मग सायकल जिन्याखाली लावून टाकायची, हेच बहुतेक घरांत घडते.

हा त्रास फक्त नवख्यांना होतो असे नाही. ब्रिटनची पॅरालिम्पिक सायकलपटू हॅना डाइन्स हिने २०१९ मध्ये उघडपणे लिहिले, की अनेक वर्षांच्या दाबामुळे बाह्य जननेंद्रियाला आलेल्या सुजेसाठी तिला शस्त्रक्रिया करावी लागली.

नियमच बदलावा लागला

स्पर्धेच्या नियमानुसार पूर्वी सीट जवळजवळ आडवी ठेवावी लागे. पुढे वाकून सायकल चालवताना सगळा भार पुढच्या नाजूक भागावर येई. रिओ ऑलिंपिकच्या आधी ब्रिटनच्या चमूने महिला खेळाडूंच्या या तक्रारी गांभीर्याने घेतल्या आणि तज्ज्ञांची मदत घेतली. २०१६ पासून आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने सीट ९ अंशांपर्यंत कलती ठेवायला परवानगी दिली. म्हणजे चूक खेळाडूंच्या सहनशक्तीत नव्हती, बसण्याच्या रचनेत होती. हीच गोष्ट तुमच्या साध्या सायकललाही लागू आहे.

दुखते का?

आपला भार नितंबांखालच्या दोन बैठकीच्या हाडांवर पडायला हवा. सीट अरुंद असेल तर ही हाडे बाहेर राहतात आणि मधला मऊ भाग दबतो. फार मऊ, जाड जेलच्या सीटमध्ये हाडे खाली रुततात आणि जेल मध्येच वर येते. म्हणून जास्त मऊ सीट म्हणजे जास्त आराम, हा समज चुकीचा आहे. "लेडीज सीट" असे लिहिलेली सीटही प्रत्येकीला बसेलच असे नाही, कारण या हाडांमधले अंतर प्रत्येकीचे वेगळे असते.

घरी काय करता येईल?

- कडक स्टुलावर खोक्याचा पुठ्ठा ठेवून त्यावर बसा आणि सायकलवर वाकता तेवढे वाका. दोन खळगे उमटतील. त्यांच्या मध्यबिंदूंमधल्या अंतरापेक्षा सीट साधारण दोन सेंटिमीटर रुंद हवी. ताठ बसून चालवत असाल तर आणखी थोडी रुंद.
- पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा. सीट जास्त उंच असेल तर कंबर दोन्ही बाजूंना डुलते आणि घासते.
- सीट आधी समपातळीत ठेवा. पुढे दाब जाणवला तर टोक किंचित खाली करा. फार खाली केल्यास तुम्ही पुढे घसरता आणि मनगटे दुखतात.
- हँडल लांब किंवा खाली असेल तर ते जवळ आणि वर घ्या.
- मध्यभागी खाच असलेली सीट अनेकींना सोयीची पडते. शक्य असल्यास चालवून पाहूनच विकत घ्या.
- लांब अंतरासाठी पॅडेड शॉर्ट्स वापरा, त्याखाली अंतर्वस्त्र घालू नका. घामट कपडे लगेच बदला. त्या जागचे केस पूर्ण काढल्यास घर्षण आणि पुळ्या वाढू शकतात.

डॉक्टरांकडे कधी जावे?

सायकलवरून उतरल्यावरही बधिरपणा टिकला, सूज उतरली नाही, गाठ लागली, गळू आले, लघवीला आग झाली किंवा रक्त दिसले, तर सायकल थांबवा आणि तपासून घ्या. मधुमेह असल्यास साध्या पुळीकडेही दुर्लक्ष करू नका. बाळंतपणात टाके पडले असतील तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. पाळी गेल्यानंतर तेथील त्वचा कोरडी आणि पातळ होते. त्यावर उपचार आहेत, म्हणून तेही सांगा.

ग्रामीण भागात शाळकरी मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळतात, त्याने शाळा जवळ येते. पण मुलगी वर्षभरात उंच होते आणि सीट मात्र पहिल्या दिवशी होती तिथेच राहते. तुमच्या घरी अशी सायकल असेल, तर आज पाना घ्या, मुलीला सीटवर बसवा आणि "कुठे दुखतं का गं?" असे आईने एकदा मोकळेपणाने विचारा.