टाकी धुणार आहेत, हे कोणत्या भाषेत सांगाल?

शीव स्टेशनच्या पाटीवर देवनागरीत एकाच जागेची दोन नावे आहेत: शीव आणि सायन. शीव म्हणजे हद्द. मुंबई बेट इथे संपायचे, पुढे खाडी आणि साष्टी. ऑटोरिक्षा आजही इथवरच येते. परक्यांच्या तोंडी शीवचे सायन झाले आणि आता मराठी माणूसच टॅक्सीवाल्याला 'सायन चलो' म्हणतो.

हे आठवायचे कारण आमच्या सोसायटीची वार्षिक सभा. इमारतीत मराठी, तमिळ, कच्छी, पंजाबी अशी सगळी घरे आहेत. सभेत सूचना आली की नोटीस बोर्डावर यापुढे फक्त इंग्रजी असावे. एकाची भाषा लावली तर दुसऱ्याला डावलल्यासारखे होते, म्हणून जी कुणाचीच नाही ती लावा. बोलणाऱ्याच्या मनात खोट नव्हती, म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवे.

इंग्रजी कुणाचीच नाही, हे खरे नाही. ती ज्यांना येते त्यांची आहे, आणि नोटिशीशी खरा संबंध असतो तो बहुतेक वेळा न येणाऱ्यांचा. गेल्या महिन्यात टाकी धुण्याची इंग्रजी नोटीस लिफ्टशेजारी लागली. रात्री वॉचमनने मला थांबवून विचारले, 'साहब, इसमें क्या लिखा है?' पहाटे पंप बंद ठेवायचा होता तो त्यानेच! माणूस उत्तर प्रदेशचा, देवनागरी सराईतपणे वाचतो. 'टाकी धुणार आहेत, पाणी सकाळी ९ ते दुपारी १ बंद राहील' एवढे मराठीत असते, तर त्याला कुणाला विचारावे लागले नसते.

मग हिंदी लावा, ती सर्वांना कळते, असे दुसरे म्हणणे. तिसऱ्या मजल्यावरच्या तमिळ मामींना विचारा. लग्न होऊन त्या पालक्काडहून आल्या. त्यांची हिंदी आजही अडखळते. मराठी मात्र भाजीवालीशी घासाघीस करता करता, हळदीकुंकवाला जाता जाता जिभेवर बसली. 'अगं, आज पाणी कमी दाबाने येतंय गं' हे त्या जिन्यातून ओरडून सांगतात, तेव्हा शब्द शोधावा लागत नाही. हिंदी नोटीस म्हणजे त्यांची सोय नव्हे. आणि मराठी आली म्हणून तमिळ सुटली, असेही झाले नाही. माटुंगा-शीवच्या दाक्षिणात्यांनी १९३२ साली साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी काढली, पुढे षण्मुखानंद सभागृह उभे केले, आणि बाजारात मराठी बोलत राहिले. तंजावरला गेलेली मराठी घराणी तरी दुसरे काय करत आली? तीनशे वर्षांहून अधिक काळ घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. तिथल्या आपल्या माणसांचे आपण कौतुक करतो. इथे तीच अपेक्षा ठेवली तर ती संकुचित कशी ठरते?

तिसरे म्हणणे आपल्यातल्याच काहींचे: आग्रह म्हणजे हात उगारणे. २०२५ साली मीरा रोडला मराठी न बोलल्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली. मला त्याची लाज वाटते. थप्पड खाऊन माणूस गप्प बसायला शिकतो, बोलायला नाही. शिवाय त्यानंतर मराठी फलकाची साधी मागणी केली, तरी समोरच्याला आधी तो दुकानदार आठवतो. ज्यांनी मारले त्यांनी आमचे काम अवघड करून ठेवले.

खरी अडचण मात्र आपल्या जिभेची आहे. शेजारच्या घरात कानपूरची एक मुलगी दोन वर्षांपासून राहते. मराठी शिकायची इच्छा होती, पण इमारतीत कुणी तिच्याशी मराठीत बोललेच नाही, असे ती म्हणाली. तिचा चेहरा पाहिला की आपण सगळे हिंदीवर जातो. पाहुण्याला त्रास नको, ही त्यामागची भावना चांगली असेल, पण दोन वर्षांनीही ती पाहुणीच राहते. मी आता लिफ्टमध्ये तिच्याशी सावकाश मराठीत बोलतो. चुकली तर हसत नाही, अडली तर हिंदी शब्द देतो आणि पुन्हा मराठीवर येतो. परवा तिने दूधवाल्याला 'उद्या एक लिटर जास्त द्या' म्हटले.

पुढच्या सभेत मी ठराव मांडणार आहे. प्रत्येक नोटीस वर मराठीत, ठळक अक्षरात, सोप्या वाक्यांत. 'जलसंचय पात्राची स्वच्छता' नको, 'टाकी धुणार' हवे. खाली इंग्रजी, आणि ज्या घराला गरज असेल त्याची भाषा. सभेत कामकाज मराठीत सुरू होईल, ज्याला जे येते त्यात त्याने बोलावे, शेजारच्याने अर्थ सांगावा. इतिवृत्त मराठीत लिहायचे काम मी घेतो. तमिळ ओळ लिहून द्यायला मामी तयार आहेत. गच्चीच्या दुरुस्तीची पहिली नोटीस त्यांनी कालच तपासून दिली, माझ्या मराठीतली ऱ्हस्व-दीर्घाची एक चूकही लाल पेनाने दुरुस्त करून.