मनोऱ्याचा धडा

लहान उद्योजकांच्या मार्गदर्शकाला आधीं स्वतः खेळावें लागतें, असें आमचें मत आहे. मॅक्लेलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या योजनेनुसार १९६४ सालीं काकिनाड्याच्या व्यापाऱ्यांना हैदराबादेस खेळांतूनच शिकविण्यांत आलें. अशा वर्गांत पुढें मनोऱ्याचा खेळ रूढ झाला. एकानें डोळे बांधून डाव्या हातानें ठोकळे रचावयाचे. साहाय्यकानें केवळ बोलावयाचें, ठोकळ्यास शिवावयाचें नाहीं. किती ठोकळे चढतील, हें आरंभींच सांगावयाचें. खरी शिकवण खेळानंतरची. आंकडा कोणीं ठरविला, रचणाऱ्यानें कीं साहाय्यकानें? धीर अधिक दिला, कीं हुकूम?

रोझेन व डँड्राड यांनीं १९५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मुलें मनोरे रचीत व आईबाप जवळ बसत. ज्या मुलांत यशाची ईर्ष्या अधिक, त्यांचे वडील हुकूम कमी सोडीत, असें आढळलें.

एकत्र कुटुंबांतील वडीलधाऱ्यांनीं हें ध्यानीं घ्यावें, अशी आमची विनंती आहे. पुतण्या दुकान काढूं म्हणाला, तर भांडवल द्यावें, धीर द्यावा. परंतु पहिल्या वर्षाच्या विक्रीचा अंदाज त्याचा त्यानेंच बांधावा आणि चुकल्यास त्यानेंच सुधारावा.